टल हार्डर : खटला पुढच्या आठवड्यात

हॅम्बुर्गचा फुटबॉलपटू आणि पुढे नाझी छावणीचा प्रमुख झालेला टल हार्डर, याच्यावरचा १९४७ चा खटला आज सांगणार होतो. तो आता पुढच्या आठवड्यात. कारण विदर्भातल्या प्रतापगडच्या एका वाचकाचं पत्र. गडावरची महाशिवरात्रीची यात्रा पांगल्यावर त्यांनी सवडीनं लिहिलंय. हार्डरला पास पुरवणारा तो नॉर्वेवाला पुढे कुठे गेला? आणि बर्लिनच्या ऑलिंपिकला आपल्या विदर्भातलं कोणी होतं का?

दुसरं आधी. होतं तर! अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आलं. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेली ही संस्था. बर्लिन म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आणि हॉकीच्या अंतिम सामन्यातला ८-१ एवढंच आठवतं. आठवावंच, पण निदान वऱ्हाड-झाडीच्या माणसांनी तरी अमरावतीकरांना विसरू नये.

आता पहिला प्रश्न. तो नॉर्वेवाला म्हणजे आस्ब्यॉर्न हाल्वोर्सन. हा माझा जुना लाडका, त्यामुळे जागा जास्त खाणार. १९२१ पासून बारा वर्षं तो हॅम्बुर्गचा सेंटर हाफ. त्या काळी सेंटर हाफ मागे उभा राहून फक्त बचाव करत नसे. मैदानाच्या मध्यावरून सगळा खेळ तोच हाकायचा. हार्डरचं काम सरळ होतं. चेंडू पायाशी आला की नाकासमोर धावत सुटायचं, आडवा येईल त्याला अंगानं बाजूला सारायचं. पण चेंडू पायाशी यायला तर हवा! १९२३ आणि १९२८ च्या विजेतेपदांचं श्रेय वाटताना लोक गोल मोजतात आणि हार्डरपाशी थांबतात. मी निम्मं श्रेय हाल्वोर्सनच्या पदरात टाकतो.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि हा मायदेशी परतला. हार्डर त्याच वर्षी एसएसमध्ये दाखल झाला.

तीन वर्षांनी, ७ ऑगस्ट १९३६ ला, ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये, बर्लिनच्या पोस्ट स्टेडियमवर जर्मनी विरुद्ध नॉर्वे. जर्मनीनं तीनच दिवसांपूर्वी लक्झेंबर्गचा ९-० असा धुव्वा उडवला होता. उपांत्य सामन्यासाठी राखून ठेवावेत म्हणून काही मुख्य खेळाडूंना बसवलेलं. इतका भरवसा! हिटलरला फुटबॉलची आवड नव्हती, तरी विजय बघायला तो गोबेल्स, गोरिंगसह येऊन बसला. सातव्याच मिनिटाला इसाकसेननं गोल केला, चौऱ्याऐंशीव्याला दुसराही त्यानंच. सामना संपायच्या आत हिटलर उठून गेला.

नॉर्वेच्या संघाची सूत्रं हाल्वोर्सनकडे होती. जर्मन फुटबॉल कसा विचार करतो, हे बारा वर्षं आतून पाहिलेला दुसरा माणूस त्यांना कुठे मिळणार होता? पुढे इटलीनं त्यांना जादा वेळेत हरवलं, पण पोलंडला ३-२ असं नमवून त्यांनी ब्राँझ नेलंच. नॉर्वेत तो संघ अजूनही ‘ब्राँझचा संघ’ म्हणूनच ओळखला जातो.

१९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या. नाझींच्या हुकमाखाली खेळायचंच नाही, असं तिथल्या खेळाडूंनी ठरवलं. त्यात हाल्वोर्सन पुढे होता. १९४२ मध्ये त्याला पकडलं. ग्रिनी, नात्सवायलर अशा छावण्या भोगत तो शेवटी हॅम्बुर्गजवळच्या नॉयेनगामेला पोहोचला. ज्या शहरानं त्याला डोक्यावर घेतलं, त्याच्या वेशीवरची ही छावणी. तिथल्या पहारेकऱ्यांत १९३९ पासून टल हार्डर होता. हाल्वोर्सन आला तोवर मात्र हार्डर हानोव्हरच्या आलेम छावणीचा प्रमुख होऊन गेला होता.

पुढचा लेख आलेमपासून.