सीनिअर, एक डाऊट होता!

धाटाव म्हटलं की आपल्याला आठवते ती रोह्याची एमआयडीसी आणि केमिकल कंपन्या. पण तिथल्या मराठी माध्यमातून दहावी झालेल्या एखाद्या मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर? अकरावीला सायन्स एकदम इंग्लिशमध्ये! 'वेग' नि 'चाल' यातला फरक तोंडपाठ असलेली पोरगी 'व्हेलॉसिटी'पाशी अडखळते आणि सगळे तिला 'कच्ची' ठरवून मोकळे. मला हा शब्दच खटकतो.

त्यात 'नीट'चा हिशेब कडक. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा. मोठ्या क्लासेसची फी लाखात.

पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधल्या अतुल ढाकणे आणि त्याच्या मित्रांनी 2015 मध्ये यावर तोड काढली, 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट'. एमबीबीएस करता करता गरीब घरच्या मुलांना 'नीट'ची मोफत शिकवणी! पुढे हे काम मेळघाटातल्या आदिवासी मुलांपर्यंत गेलं. शिकवणारा स्वतः नुकताच त्या परीक्षेतून गेलेला असतो, कुठे अडकायला होतं ते त्याला आठवत असतं. शिवाय 'सर'ला विचारायला लाज वाटते, दादाला नाही. अर्थात, स्वतःची अ‍ॅनाटॉमी सांभाळून हे करायचं म्हणजे झोपेचं खोबरं.

अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथले दोघं-तिघं रविवारच्या एसटीने धाटावला आले तर? आणि तुम्ही तिथल्या कंपनीत असाल, तर एक खोली, एक फळा... जमेल?