चार मतांची जबाबदारी

एप्रिल २०१५ मध्ये महापालिकेसाठी मत देताना या शहरातल्या मतदाराला एकच बटण दाबायचे होते. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते, वॉर्ड ११३ आणि प्रत्येक वॉर्डाला एक नगरसेवक. एप्रिल २०२० मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे न्यायालयीन वाद. निवडणूक लांबत गेली आणि जवळपास पावणेसहा वर्षे कारभार प्रशासकांनी पाहिला. १५ जानेवारी २०२६ रोजी छत्रपती संभाजीनगरात पुन्हा मतदान झाले ते नव्या रचनेनुसार: २९ प्रभाग, ११५ जागा. २८ प्रभागांत चार नगरसेवक, एकात तीन.

प्रभागातल्या जागा अ, ब, क, ड अशा. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची आणि प्रत्येक जागेसाठी एक बटण. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल, तर तेवढ्यापुरता ‘नोटा’. सगळी मते नोंदवल्यावरच बझर वाजतो. प्रचारात ‘पॅनल टू पॅनल चालवा’ असा आग्रह होतो, पण कायद्याने तसे बंधन नाही. चार जागांवर चार वेगवेगळ्या पक्षांचे किंवा अपक्ष उमेदवार निवडता येतात. म्हणून चौघांचीही स्वतंत्र पारख करायला हवी.

सुरुवात शपथपत्रापासून करावी. उमेदवारी अर्जासोबतचे हे कागद सर्वांना पाहण्यासाठी खुले असतात. शिक्षण, स्थावर-जंगम मालमत्ता, कर्ज, प्रलंबित गुन्हे हे सगळे त्यात असते. उमेदवार आधी नगरसेवक राहिलेला असेल, तर जुने शपथपत्र शेजारी ठेवून वाचावे. दरम्यानच्या काळात काय वाढले, ते लगेच कळते.

मग प्रश्न विचारावेत, आणि तेही नेमके. पन्नासएक किलोमीटरवरचा नाथसागर जलाशय भरलेला असतानाही इथल्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. त्यामुळे ‘पाणी देऊ’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. आपल्या गल्लीला कोणत्या टाकीतून पाणी येते, लाइनमनकडे वेळापत्रक आहे का, नव्या पाणीपुरवठा योजनेची जलवाहिनी आपल्या भागात कुठवर आली, हे विचारावे. ज्याला प्रभाग माहीत आहे तो सांगू शकतो. अर्थसंकल्पाला मंजुरी सर्वसाधारण सभेत मिळते आणि मोठ्या खर्चाचे प्रस्ताव स्थायी समितीपुढे जातात. तिथे आपण काय मांडणार, हेही उमेदवाराने सांगायला हवे.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनेकदा प्रचारात बोलतात ते पती किंवा दीर. अशा वेळी ‘ताई, तुम्हीच सांगा’ असा आग्रह मतदारांनी धरला पाहिजे. सभागृहात बसायचे आहे ते ताईंना. त्यांचे मत त्यांच्याच तोंडून ऐकणे हा आपला हक्क आहे आणि त्यांचा मानही.

चार नगरसेवकांच्या प्रभागात एक धोका मोठा आहे: ‘ते काम माझ्या भागातले नाही’ असे प्रत्येकाने म्हणण्याचा. कायद्याच्या दृष्टीने चौघेही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. म्हणून ड्रेनेज तुंबले, दिवे बंद पडले, तर एकच लेखी अर्ज चौघांनाही द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि प्रत झोन कार्यालयात टाकावी. पावणेसहा वर्षे हक्काने गाठावे असे लोकप्रतिनिधी या शहराच्या महापालिकेत नव्हते. आता ते आहेत, तर त्यांच्याकडे नियमितपणे हिशेब मागण्याची सवय लावून घेऊ या.