रानातले लाकूड, शिरोलीचे लोखंड

बर्फाळ देशातले, आडव्या ओंडक्यांवर ओंडके रचून केलेले घर तुम्ही कॅलेंडरावर पाहिले असेल. शेतात तसे घर स्वतःच्या हाताने बांधावे, अशी हौस आता आपल्याकडच्या तरुणांनाही वाटू लागली आहे. हौस वाईट नाही. शिरोली, नागाव, टोप, हालोंडी या भागात तर एकाच घरातला थोरला एमआयडीसीत फाउंड्रीच्या पाळीवर जातो आणि धाकटा उसाला पाणी पाजतो. लाकूड आणि लोखंड या दोन्हींची जाण असलेले हात घरातच असतात. पण घर कॅलेंडरावरचे बांधायचे की आपल्या आजोबांच्या पद्धतीचे, हे खड्डा खणण्याआधी ठरवा.

आधी हिशोब करू. बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब अशी एकच खोली धरा. भिंतीची उंची नऊ फूट आणि ओंडका आठ इंच जाडीचा. एकावर एक चौदा थर लागतात आणि प्रत्येक थर साठ फुटांचा, म्हणजे ८४० फूट लाकूड झाले. दारे-खिडक्या वजा केल्या तरी साडेसातशेच्या खाली येत नाही. हीच खोली खांबांवर उभी केली तर दोन्ही लांब बाजूंना सहा-सहा फुटांवर चार-चार खांब, आढ्यासाठी दोन उंच खांब, वरच्या तुळया आणि कोपऱ्यांतले तिरके टेकू मिळून सुमारे २६० फूट जाड लाकूड पुरते. वासे आणि रिपा दोन्ही घरांना सारख्याच. एका निलगिरीतून वीस फूट कामाचे लाकूड निघते असे धरले, तर एका घराला तेरा झाडे आणि दुसऱ्याला सदतीस-अडतीस! शिवाय आडव्या ओंडक्यांच्या प्रत्येक फटीत आपल्या पावसाचे पाणी मुरणार आणि मागून वाळवी येणार. देवदाराच्या थंड मुलखात ती रीत शोभते. हिमाचलातही लोक लाकडाच्या थरांमध्ये दगडाचे थर घालतात, नुसते लाकूड रचत नाहीत.

आपल्याकडे घर मोजायचे ते खणांवर. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. छपराचा भार खांबांवर असायचा आणि भिंत नुसती आडोशाला. यातले शहाणपण संकटात दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी माणसे गाडली, पण आतला लाकडी सांगाडा कित्येक ठिकाणी उभाच राहिला होता. आपल्याला भूकंपापेक्षा पंचगंगेची भीती जास्त. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळचा महामार्गच पाण्याखाली गेला, तिथे पांढऱ्या मातीच्या भिंतींची काय कथा! भिंत विरघळली तर पुन्हा घालता येते. छपरासकट घर बसले की संसारच रस्त्यावर येतो.

म्हणून पहिली गोष्ट जागा. २०२१ च्या पुराची खूण शेजारच्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर अजून कोणीतरी दाखवील. जोते त्या खुणेच्या दीड फूट वर यायला हवे. त्यासाठी जोते पाच-सहा फूट उचलावे लागत असेल, तर ती जागा उसाची आहे, घराची नव्हे. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाईच आहे आणि निळ्या व तांबड्या रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध आहेत. नकाशा पाहिल्याशिवाय आणि लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक पाटीसुद्धा माती उचलू नका.

झाड तोडतानाही असेच. साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडे तुमच्या बांधावर असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. निलगिरी, सुबाभूळ आणि बाभूळ त्या यादीत नाहीत, तरीही तलाठी व वनपाल यांना आधी विचारणे बरे. निलगिरी सरळ वाढते, म्हणून ती लांब खांबांना आणि तुळयांना घ्यावी. मात्र ती वाळताना उलते आणि पिळते. बाभूळ वाकडी, आखूड, पण आतले तांबूस लाकूड लोखंडासारखे. खुंट्या, टेकू आणि उंबरा तिचाच करा.

तोड पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत करा. अमावास्येलाच तोडावे असे जुने लोक सांगत. अमावास्या पाळायची तर पाळा, पण ऋतू चुकवू नका. तोडल्या दिवशीच साल काढा, दोन्ही तोंडांना डांबर फासा म्हणजे चिरा कमी पडतील, आणि सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये आडव्या पट्ट्या घालून रचून ठेवा. सहा महिने तरी जाऊ द्या. जाड खांबाला वर्ष लागले तरी घाई नको. शिरोलीतल्या पॅटर्न शॉपमधल्या सुताराला विचारा, तो ओल्या लाकडाला हात लावणार नाही. लाकूड सुतभर आटले तरी त्याचे सगळे कास्टिंग माप चुकते. घराचे माप सुतभर चुकले तर चालते, पण सांधा सैल पडला तर चालत नाही.

आता खरी मेख आहे ती खांबाच्या पायाशी. लाकडी घर बहुधा वरून मरत नाही, ते खालून मरते. खांब मातीत पुरला की जमिनीच्या रेषेवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथेच तो कुजतो आणि तिथूनच वाळवी चढते. आपले पूर्वज खांबाखाली दगडी तळखडा बसवत, तो याचसाठी. तळखड्याची एकच उणीव आहे. घराचे वजन खांबाला दाबून धरते, बांधून मात्र ठेवत नाही. पुराच्या पाण्यात लाकूड तरंगू पाहते आणि वाऱ्यात हलके पत्र्याचे छप्पर उचलू पाहते.

इथे शिरोलीचे लोखंड कामाला येते. दोन इंच रुंद, सहा मिलिमीटर जाड पट्टीचा, इंग्रजी यू अक्षरासारखा बूट कोणत्याही फॅब्रिकेशनच्या शेडवर करून मिळतो. खालची दांडी पायाच्या काँक्रीटमध्ये गाडायची, बूट जोत्यापासून दोन इंच वर ठेवायचा, त्यात खांब बसवून आरपार दोन १२ मिलिमीटरचे बोल्ट घालायचे. बुटाला रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. मधल्या दोन इंच फटीतून वारा खेळतो, खांबाचे बूड वाळते, आणि वाळवी चढू लागली तर तिची मातीची नळी डोळ्यांना दिसते. दर महिन्याला केरसुणी फिरवताना घरातल्या मंडळींनी तेवढे वाकून पाहावे.

पाया खणताना काळ्या जमिनीला फसू नका. ती उन्हाळ्यात उलते आणि पावसात फुगते. भेगा जिथवर जातात त्याच्या खाली, मुरूम लागेपर्यंत खड्डा न्या. भराव मुरमाचाच हवा. फाउंड्रीची काळी वाळू फुकट मिळते म्हणून जोत्यात भरू नका. तिच्यात रसायने असू शकतात, आणि विहीर तुमचीच असते.

खांबांच्या बुडाला काजूच्या टरफलाचे तेल चांगले. आजरा-चंदगड हा आपल्याच जिल्ह्यातला काजूचा मुलूख, तिकडे चौकशी करा. ते कातडीला लागले की फोड येतात, तेव्हा हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा. भिंतींसाठी बांबूचा कूड करून दोन्हीकडून माती-शेणाचा गिलावा द्यावा, हे मला विटेपेक्षा पसंत आहे. खर्च कमी, आणि पुराने नेला तरी आठवड्यात पुन्हा उभा. बांबू मात्र तीन वर्षांपुढचा घ्या. शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड विरघळवून, पेरांना आतून भोके पाडून, आठवडाभर बुडवून ठेवा, म्हणजे पीठ पाडणारा किडा लागत नाही. ही टाकी गुरांच्या वाटेवर नको. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून बाहेरून गिलावा आणि दोन-अडीच फूट पुढे आलेली पाखी हवीच. बांबूच्या बांधकामावर कुडाळची कॉनबॅक ही संस्था २००४ पासून काम करते आहे. कोकणात जाणे झाले तर तिथले काम आवर्जून पाहा.

छपराला मंगलोरी कौल घ्यायचे तर शंभर चौरस फुटाला सुमारे साडेतीन क्विंटल वजन धरा. त्या बेताने वासे दाट लावा. पत्रा हलका, पण उन्हाळ्यात दुपारी घरात बसवत नाही.

आता ताई-वहिनींसाठी. चूल असो की गॅस, त्यामागची भिंत विटांचीच हवी, आणि लाकडी खांबापासून तीन फूट अंतर हवे. ओटा तुमच्या कोपराच्या चार बोटे खाली येईल असा करून घ्या, गवंड्याच्या सवयीने नव्हे. वायर नळीतूनच न्या, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच घरमालकाकडून हट्टाने बसवून घ्या, आणि बटणे छातीच्या उंचीवर ठेवा. उसाचे पाचट किंवा कडब्याची गंजी घरापासून पन्नास फुटांच्या आत रचू देऊ नका. तुळयांवर फळ्या टाकून माळा करा. बियाणे, सातबारा, रेशनकार्ड, पोरांची दप्तरे आणि आठवड्याचे धान्य पावसाळ्याचे तीन महिने तिथेच राहू द्या. पण पाणी वाढायला लागले आणि गाव सोडायचा निरोप आला, की माळ्यावर माणसांनी थांबायचे नाही. आधी गुरे सोडा आणि निघा.

पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच धुऊन काढा, दारे सताड उघडी ठेवा आणि लाकूड पुरते वाळेपर्यंत रंग किंवा तेल लावू नका. नव्या घराचे लाकूड पहिल्या वर्षी आटते, तेव्हा दिवाळीला एकदा आणि होळीला एकदा सगळ्या बुटांचे बोल्ट पुन्हा आवळा. १९ नंबरचा पाना लागतो, तो दारामागच्या खुंटीलाच टांगलेला असू द्या.