खोक्यातली एमजीबी : जोडायची की सोडायची?

१९६२ ते १९८० दरम्यान इंग्लंडमध्ये पाच लाखांवर एमजीबी बनल्या. तिथल्या एखाद्या गॅरेजमध्ये अशी गाडी सुटी करून खोक्यांत भरलेली सापडली, तर घ्यावी का?

आपण मेकॅनिकलवाले आधी इंजिनाकडे धावणार! पण तिचं १७९८ सीसी इंजिन जुन्या ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्याच घराण्यातलं, दुरुस्तीला सोपं. खरी मेख बॉडीत आहे. वेगळी चासी नसल्याने सगळा भार बॉडीच पेलते. दरवाजाखालची सिल आतून गंजली, की उघड्या टपाची गाडी मधोमध वाकते. म्हणून आधी सिल तपासा, मग हरवलेल्या भागांची यादी करा.

नवे पार्ट्स मिळतात. १९८८ मध्ये तर अख्खी नवी बॉडीच बाजारात आली. पण खर्चाची बेरीज तयार गाडीच्या किमतीपुढे गेली, तर नफा विसरा. जोडण्यातच मजा वाटत असेल, तरच हात घाला!