रोज रिकामी होणारी डिरेक्टरी : लिनक्स सेवा सुरू का होत नाही?

रात्री वीज गेली, सकाळी सर्व्हर सुरू झाला; पण ग्रंथालयाची सूची उघडत नाही. लॉगमध्ये एवढेच दिसते की, सॉकेट फाइल तयार करता आली नाही, तशी डिरेक्टरी अस्तित्वात नाही. काल संध्याकाळपर्यंत ती होती. माहिती कोठेही गेलेली नसते. तरीही घाबरून डेटाबेस पुन्हा नव्याने बसविला जातो आणि खरे नुकसान तेथे होते.

'/रन' ही डिरेक्टरी डिस्कवर नसतेच. ती टीएमपीएफएस या पद्धतीने मेमरीत राहते व संगणक बंद होताच फळा पुसावा तशी रिकामी होते. २०११ साली फेडोरा १५ मध्ये ती आली. २०१५ साली फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्डच्या ३.० आवृत्तीत तिला स्थान मिळाले. जुनी '/व्हार/रन' आता बहुतेक ठिकाणी तिच्याकडे नेणारा दुवा आहे. हे रिकामे होणे दोष नव्हे. पूर्वी वीज गेल्यावर डिस्कवर जुनी पीआयडी फाइल उरे, तोच क्रमांक दुसऱ्या प्रक्रियेला मिळे आणि सेवा चालूच आहे असा गैरसमज होई.

मारियाडीबीचे उदाहरण घ्यावे. तिला सॉकेटसाठी '/रन/मायएसक्यूएलडी' लागते. सेवा 'मायएसक्यूएल' या साध्या वापरकर्त्याच्या नावे चालते; '/रन' मात्र रूटच्या मालकीची, म्हणून सेवेला स्वतः डिरेक्टरी करता येत नाही. वितरणाच्या पॅकेजमध्ये ही सोय केलेली असते. हाताने बसविलेल्या सेवेत ती राहून जाते. मग कोणी हातानेच डिरेक्टरी तयार करतो. ती पुढच्या रीबूटपर्यंतच टिकते. कोणी '७७७' परवानगी देऊन मोकळा होतो. हे त्याहून वाईट, कारण मग सर्व्हरवरील कोणताही वापरकर्ता सॉकेट काढून तेथे स्वतःचे ठेवू शकतो.

सिस्टमडी असलेल्या प्रणालीत उपाय एका ओळीचा आहे. 'सिस्टमसीटीएल एडिट' या आज्ञेने सेवेच्या 'सर्व्हिस' विभागात 'रनटाइमडिरेक्टरी=मायएसक्यूएलडी' लिहावे. सेवा सुरू होण्यापूर्वी डिरेक्टरी तयार होते, तिची मालकी 'यूजर=' मधील वापरकर्त्याकडे जाते, आणि सेवा थांबली की ती काढलीही जाते. मूळ युनिट फाइलला हात लावू नये. पॅकेज अद्ययावत होताना तो बदल पुसला जातो. एकच डिरेक्टरी दोन सेवा वापरीत असतील, तर एक थांबताच दुसरीचे सॉकेट जाईल. तेथे '/इटीसी/टीएमपीफाइल्स.डी' मध्ये नोंद करणे बरे. ती बूटच्या आरंभीच अमलात येते.

दुरुस्तीनंतर केवळ सेवा नव्हे, संपूर्ण सर्व्हर एकदा रीबूट करून पाहावा. परीक्षेच्या आठवड्यात मात्र नव्हे.