चाप न ओढता उडालेला बार

‘मी चाप ओढलाच नव्हता, बार आपोआप उडाला.’ बंदुकीच्या अपघातानंतर हे वाक्य कानी येते आणि त्यावर सहसा कोणी विश्वास ठेवत नाही. माणूस आपली कातडी वाचवतो आहे, असेच ऐकणाऱ्याला वाटते. जुन्या बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफलींची रचना समजून घेतल्यावर माझे मत बदलले. हे वाक्य कधी कधी शब्दशः खरे असते.

मी मौद्याचा. कन्हानकाठचा हा धानाचा मुलूख. उत्तरेला पेंचचे जंगल, दक्षिणेला उमरेड-कऱ्हांडल्याचे. १९५१ साली मालगुजारी संपली. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांनी शिकारीचा शौकही संपवला. काही घरांत रायफली मात्र परवान्यासह पुढच्या पिढीकडे आल्या. त्या वर्षानुवर्षे कपाटात असतात, निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा होतात आणि परत येतात. न वापरलेले यंत्र बिघडत नाही, हा समज इथेच घात करतो.

ठासणीच्या बंदुकीचा घोडा बाहेर असतो. तो चढवलेला आहे की उतरवलेला, हे दुरूनही दिसते. बोल्ट-ॲक्शनमध्ये घोड्याचे काम बोल्टच्या पोटातली फायरिंग पिन करते. तिच्यामागे जबर ताकदीची स्प्रिंग असते. बोल्ट बंद करताना पिनेच्या शेपटाकडची खाच एका पोलादी अडसराला अडकते. कारागीर त्याला ‘सीअर’ म्हणतात. चाप फक्त हा अडसर बाजूला करतो. म्हणजे भरलेली रायफल आणि बार यांच्यामध्ये उभा असतो तो दोन पोलादी कडांचा, नखावर मावेल एवढा स्पर्श. दोष शोधायचा तो इथे.

आपल्याकडे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल परिचयाची आहे. तिचा बांधा ब्रिटिश लष्कराच्या ली-एन्फिल्डचा; .३०३ हे लष्करी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून काडतूस वेगळे. जुन्या ली-एन्फिल्डमध्ये सीअर वरच्या पोलादी सांगाड्यावर बसतो, चाप मात्र खालच्या गार्डवर. दोघांच्या मध्ये लाकडी दस्ता. त्यांच्यातले अंतर शेवटी लाकूड ठरवते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड आकसते, फुगते, स्क्रू ढिले पडतात. या चापाला दोन टप्पे असतात, आधी हलका आणि मग जड. पहिला टप्पा जाणवेनासा झाला, तर सीअर निसटण्याच्या बेतात असू शकतो. ब्रिटिशांनी पुढे ‘नंबर ४’ रायफलीच्या सुधारित आवृत्तीत चाप थेट सांगाड्यालाच टांगला.

आणखी तीन कारणे नेहमीची. जुने तेल वाळून राळेसारखे चिकट होते आणि सीअर पूर्ण वर येत नाही. सीअरची स्प्रिंग थकते. तिसरे कारण माणसाच्या हातचे: चाप हलका व्हावा म्हणून कोणी कानस फिरवतो. पोलादाचा कठीण केलेला पृष्ठभाग त्याने निघून जातो आणि खालचा मऊ भाग झपाट्याने झिजतो. काडतूस फुटलेच नाही, तर मात्र दोष चापाचा असेलच असे नाही; बोल्टमधल्या घट्ट ग्रीसमुळे पिनेचा ठोकाही हलका पडतो.

जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. रेमिंग्टन कंपनीच्या १९४८च्या ‘७२१’ आणि १९६२च्या ‘७००’ या रायफलींत चाप आणि सीअर यांच्यामध्ये ‘कनेक्टर’ नावाची एक सुटी पट्टी होती. कचरा, चिकट तेल किंवा गोठलेले पाणी अडकले की ती जागेवर परतत नसे, आणि सेफ्टी काढताच बार उडण्याची शक्यता राही. त्यातच १९८२पर्यंतच्या रचनेत रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढावीच लागे. अपघात झाले, माणसे मेली, खटले चालले. कंपनी दोष नाकारत राहिली. बोट वापरणाऱ्याकडे दाखवले गेले. अखेर समझोता झाला आणि सुमारे ७५ लाख रायफलींच्या मालकांना नवा चाप किंवा भरपाई देऊ करण्यात आली. न्यायालयाने त्याला २०१७ साली मान्यता दिली, तेव्हाही कंपनीने दोष कबूल केला नाही.

अशा दोषाचा खरा त्रास हा, की तो दर वेळी दिसत नाही. बार उडाल्याच्या हादऱ्याने अडकलेला कण निघून जातो आणि नंतर तपासणाऱ्याच्या हातात रायफल निर्दोष वागते. दहादा नीट चालली, याचा अर्थ अकराव्यांदा चालेल असा नाही.

म्हणून मालकाने करायचे ते थोडेच. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानेही तपासून, बोल्ट जोराने बंद करून पाहावा. पिनेचे शेपूट मागे न थांबता बोल्टबरोबर पुढे गेले, किंवा चापाला हात न लावता, सेफ्टी काढताना ‘टक्’ आवाज आला, तर रायफल बाद समजावी. पुढचे काम परवानाधारक कारागिराचे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. अपघात झालाच, तर पोलीस येईपर्यंत रायफल पुसू नये, तिला तेल घालू नये. आतला कचरा हाच कदाचित एकमेव साक्षीदार असतो.

चाप न ओढल्याचे खरे ठरले, तरी नळीचे तोंड माणसाकडे का होते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर यंत्राला देता येत नाही. पण चाप ओढला की नाही, याचा निकाल चेहरा पाहून लावू नये. तो रायफल उघडून लावावा.