एका ठोक्यात चार प्रती

विजेच्या टाइपरायटरची आठवण निघाली की लोक त्याच्या आवाजाबद्दल बोलतात. मला मात्र आठवतात त्याच्या कार्बन प्रती.

गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय टाइपरायटर आणला. त्यात सारा जोर टंकलेखकाच्या बोटाचा. करंगळीखालची अक्षरे फिकी, चौथी प्रत जेमतेम वाचता येई. विजेच्या यंत्रात बोट फक्त इशारा करते, ठोका मोटरच्या जोरावर बसतो. त्यामुळे तळाच्या प्रतीवरही अक्षर सारखे उमटते. १९६१ च्या आयबीएम सिलेक्ट्रिकने तर अक्षरदांड्या काढून फिरता गोळाच बसवला. (भारनियमनाच्या भिवंडीत त्यावर विसंबणे अवघडच होते म्हणा!)

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने हाच ठोका बारीक सुयांकडे दिला. पुढे घराघरांत आलेला प्रिंटर शाई फवारतो किंवा भुकटी वितळवून चिकटवतो, ठोका नाहीच. मराठीचे त्यात भले झाले. टाइपरायटरवर अर्ध्या अक्षराला काना जोडून ते पुरे करावे लागे आणि जोडाक्षरांना कळा अपुऱ्या पडत. या प्रिंटरला कोणतेही अक्षर म्हणजे निव्वळ चित्र.

पण त्याच्या चार प्रती म्हणजे चार वेगळी छपाई. मधेच आकडा बदलता येतो. कार्बनच्या चारही प्रती एकाच ठोक्यात जन्मतात. म्हणूनच मालाच्या चलनासाठी किरकिरणारा डॉट मॅट्रिक्स मला अजूनही जास्त भरवशाचा वाटतो. तागे कमी भरले, की ट्रकचालक, गोदामवाला आणि व्यापारी आपापली प्रत शेजारी शेजारी ठेवू शकतात.